नदीला मध आणि फुलं

फिलाडेल्फिया,
१० जून २०२५

प्रिय सुमे,

परवा रविवारी मी नदीची ओटी भरून आले. गोदावरीची नाही गं, इथल्या स्कूलकिल नदीची. नारळ नव्हता, खण नव्हता. हातात पिवळी फुलं, दोन संत्री आणि मधाची छोटी बाटली. पुलावर उभी राहिले आणि पैठणच्या घाटावर आईचा पदर धरून उभी असायचे ते आठवलं. डोळे भरून आले, म्हणून तुला फोन न करता पत्र लिहायला बसले.

आमच्या घरामागे साउथ स्ट्रीट आहे. तिथे दर जूनच्या दुसऱ्या रविवारी ‘ओडुंडे’ नावाचा उत्सव भरतो. शब्द पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा भाषेतला, नव्या वर्षाच्या शुभेच्छा असा त्याचा अर्थ. यंदा पन्नास वर्षं झाली. लोइस फर्नांडिस नावाची इथलीच, दक्षिण फिलाडेल्फियातली बाई १९७२ मध्ये नायजेरियातल्या ओशोग्बो गावी गेली. तिथे ओशुन नदीचा उत्सव तिनं पाहिला. ओशुन ही गोड्या पाण्याची देवी; पिवळा रंग तिचा, मध तिचा. ज्यांच्या पणज्या-खापरपणज्यांना साखळदंड घालून समुद्रापार आणलं, त्यांची ही लेक. तिला वाटलं, आपल्याही वस्तीला नदी आहे की! १९७५ मध्ये शंभर डॉलरची मदत आणि शेजारपाजारच्या बायाबापड्यांची साथ एवढ्यावर तिनं हे सुरू केलं. आज पंधराहून जास्त ब्लॉक भरतात आणि आयोजक पाच लाख माणसांचा आकडा सांगतात. गर्दीत उभं राहिलं की तो खरा वाटतो.

सकाळी तेविसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरून मिरवणूक निघते. पुढे ढोल, मागे पांढऱ्या कपड्यांतली म्हातारी माणसं, त्यांच्यामागे कुणीही. मीही. ढोल असे वाजत होते की छातीतून आवाज येतोय असं वाटावं, गणपतीत येतो तसा. एका बाईच्या गळ्यात कवड्यांच्या माळा होत्या, आपल्या तुळजापूरच्या आराधिणींच्या असतात ना, अगदी तशा. मी बघतच राहिले. पुलावर पोचल्यावर सगळे कठड्याशी गेले आणि फुलं, फळं खाली पाण्यात पडू लागली. कुणी पुटपुटत होतं, कुणी गात होतं. कोणी मला तू कोण, इथे कशी, असं विचारलं नाही.

दुपारी नुसती जत्रा. जोलोफ भाताचा वास, मासे तळण्याचा धूर, शिया बटरचे डबे, रंगीत कापडांचे ढीग. एका रंगमंचावर वस्तीतल्या मुली नाचत होत्या, आठ-दहा वर्षांच्या, आणि खाली त्यांच्या आज्या खुर्च्यांवर बसून प्रत्येकीला नावानं हाका मारत होत्या. मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच. गायिका मॅरियन अँडरसन याच भागातल्या. त्यांचं घर इथून चालत दहा मिनिटांवर आहे. १९३९ मध्ये वॉशिंग्टनमधलं एक सभागृह रंगामुळे त्यांना नाकारलं गेलं, तेव्हा त्या लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर पंचाहत्तर हजार लोकांसमोर गायल्या. १९५७ मध्ये भारतातही येऊन गेल्या. त्या नाचणाऱ्या मुलींना हे पाठ आहे.

आणि ही जागा सहज राहिलेली नाही, सुमे. इथून मोठा हायवे काढायचा घाट घातला होता. त्या नुसत्या भीतीनं दुकानं बसली, घरं कवडीमोल झाली. वस्तीनं झगडून तो रद्द करवला; ॲलिस लिप्सकॉम्ब त्यात पुढे होत्या. मग इथे पैसेवाले राहायला येऊ लागले आणि उत्सव दुसरीकडे न्या म्हणू लागले. लोइस हलल्या नाहीत. २०१७ मध्ये त्या गेल्या, आता त्यांची मुलगी हे चालवते. मी इथे नवी होते तेव्हा आमच्या इमारतीतही गर्दीबद्दल, पार्किंगबद्दल कुरकुर चालायची आणि मी मान हलवायचे. त्याची आता लाज वाटते. आपल्या गल्लीतला गणपती हलवा असं काल आलेल्या भाडेकरूनं म्हटलं असतं तर तुझ्या बाबांनी काय केलं असतं?

आता मुख्य गोष्ट. एका स्टॉलवर आफ्रिकेतल्या राजा-राण्यांची चित्रं होती. विकणाऱ्या आजींनी विचारलं, तुझं गाव कुठलं? मी म्हटलं, माझं गाव तुमच्यातल्याच एकानं वसवलंय. त्यांना आधी पटेना. मग मी मलिक अंबर सांगितला: इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून हातोहात विकला गेलेला, निजामशाहीचा कारभारी झालेला, १६१० मध्ये खडकी, म्हणजे आपलं आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवणारा. शहाजीराजे त्याच्याबरोबर लढले तेही सांगितलं, त्यानं बांधलेला भडकल दरवाजा सांगितला. आणि डोंगराकडून जमिनीखालून पाणी आणणारी नहर सांगितली, तेव्हा त्या माझा हात धरून म्हणाल्या, “पाणी! त्यानं पाणी आणलं!” त्यांनी एका पावतीमागे त्याचं नाव लिहून घेतलं. मग विचारलं, “त्याच्या कबरीवर फुलं कोण वाहतं?”

मला उत्तर देता आलं नाही. भडकल दरवाजातून मी हजारदा गेले असेन, पण खुलताबादला त्याच्या कबरीशी एकदाही थांबले नाही.

तू श्रावणात भद्रा मारुतीला चालत जातेसच. यंदा दर्शन झालं की तिथेही जाऊन ये. झेंडूची फुलं ने, पिवळी, जमलं तर माझ्या नावाची वेगळी वाहा आणि फोटो पाठव. आजींचा नंबर मी घेतलाय, त्या वाट बघतायत. गुडघा दुखत असेल तर चालत जाऊ नकोस, बसनं जा.

काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
वृंदा