वेळ बरोबर आहे म्हणजे मशीन ठीक आहे असं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लातूरला गंजगोलाईजवळ आमचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांचा हात एचएमटीच्या चावीच्या घड्याळांवर बसला, मी त्यांच्या शेजारी बसून शिकलो. अलीकडे टेबलावर येणारा माल बदललाय. क्लासचे सर, तरुण डॉक्टर, मोंढ्यातले अडते यांच्या हातात आता रोलेक्स, ओमेगा दिसतात आणि त्यातली बरीचशी वापरलेली, मुंबई-पुण्याहून किंवा दुबईहून कुणाच्या तरी ओळखीनं आणलेली असतात. लग्नसराईत तर नवरदेवासाठी म्हणूनही घेतली जातात. घेणारा बॉक्स बघतो, कार्ड बघतो, नंबर जुळवतो. मशीनला शेवटचं तेल कधी पडलं, हे क्वचितच कुणी विचारतं. विचारलंच तर विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं: "एकदम ओके आहे, सेकंदाचा फरक नाही." या एका वाक्यावर लोक लाखो रुपये मोजतात, म्हणून हे पत्र.

घड्याळ वेळ बरोबर दाखवतं, याचा अर्थ आत सगळं ठीक आहे असा होत नाही. बहुतेक मशीनमध्ये बॅलन्सजवळ, म्हणजे पुढं-मागं झुलणाऱ्या चाकाजवळ, एक बारीक रेग्युलेटर असतो. तो किंचित सरकवला की पुढं-मागं जाणारं घड्याळ वेळेवर येतं. काही मिनिटांचं काम आहे. तेल पार वाळलेलं असलं तरी हे जमतं आणि घेणाऱ्याला आठवडाभर काही कळत नाही. आजच्या बहुतेक स्विस ऑटोमॅटिकमध्ये बॅलन्स तासाला 28,800 ठोके देतो. सेकंदाला 8, दिवसाला 6,91,200. बॅलन्सची ज्या टोकांवर ही धावपळ चालते, ती जेमतेम दशांश मिलिमीटर जाडीची असतात. त्यांच्याभोवती तेलाचा एक कणभर थेंब असतो, तो गेला की ज्वेलच्या, म्हणजे टोक ज्यात फिरतं त्या खड्याच्या, भोकात पोलाद कोरडं घासायला लागतं. घड्याळ तरीही चालत राहतं, म्हणून तर फसायला होतं.

आपल्याकडच्या एका डाळमिलवाल्यांचं घड्याळ माझ्याकडे आलं होतं. तक्रार एवढीच, की रात्री काढून ठेवलं तर सकाळी बंद असतं. दिवसभर हातात असलं की वेळ चोख. मागचं झाकण उघडलं तर रोटरखाली (हाताच्या हालचालीनं फिरून चावी भरणारं वजन) गेरूसारखी तांबूस पूड पसरलेली. ती बाहेरची धूळ नव्हती, झिजलेल्या पोलादाची होती. लूप, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, लावून पाहिलं तर एका चाकाच्या टोकावर खोल चर पडलेली. चावीच्या बुडाशी घामात कालवलेल्या डाळीच्या भुकटीचा पिवळट थर होता आणि आतलं रबर दाबून, चपटं होऊन कडक झालेलं. वेळेवर आलं असतं तर धुणं आणि तेल यातच भागलं असतं. आता चाक बदलावं लागलं आणि ते मिळेपर्यंत घड्याळ डबीत पडून राहिलं. घेताना त्यांना सांगितलं होतं, "नुकतीच सर्व्हिसिंग झालीय." कागद मात्र दिला नव्हता.

मग सर्व्हिसिंग करायची कधी? रोलेक्स साधारण 10 वर्षं सांगते, ओमेगा 5 ते 8. हे आकडे खरे आहेत, पण ते मागच्या सर्व्हिसिंगपासून मोजायचे. तुम्ही ज्या दिवशी घेतलं त्या दिवसापासून नव्हे. आणि घड्याळ लॉकरमध्ये सोन्याबरोबर पडून होतं म्हणून ती वर्षं वजाही करायची नाहीत. पडून राहिलं तरी तेल जुनं होतंच. मागची तारीख बिलावर असेल तर उत्तम. नसेल तर झाकणाच्या आतल्या बाजूला बघायला सांगा. पुष्कळ कारागीर तिथं सुईनं आपली खूण आणि तारीख कोरतात. मी स्वतः कोरतो.

खूणही नाही, कागदही नाही, अशा वेळी घड्याळ टाइमग्राफरवर ठेवावं. हे यंत्र घड्याळाचे ठोके ऐकून रोजचा फरक तर सांगतंच, पण मी त्यातला अॅम्प्लिट्यूडचा आकडा आधी बघतो. बॅलन्स एका बाजूला किती अंश फिरतोय, तो हा आकडा. पूर्ण चावी भरून, डायल वर ठेवून 270 ते 300च्या आसपास आला तर मशीनमध्ये जीव आहे. उभं धरल्यावर तो थोडा उतरणारच. पण भरल्या चावीला आडवं ठेवूनही 220च्या खाली असेल, किंवा चोवीस तासांनी 200च्या खाली जात असेल, तर वेळ कितीही बरोबर असो, घड्याळ उघडायला झालं. यंत्रात लिफ्ट अँगल (दर मशीनचा ठरलेला एक कोन) त्या मशीनचाच टाकलाय ना, हेही विचारा. तो चुकीचा असला की आकडा खोटा येतो. घरच्या घरी करता येण्यासारखी एक तपासणी आहे. चावी पूर्ण भरून घड्याळ टेबलावर ठेवा आणि किती तास चालतं ते बघा. इटीए 2824 हे मशीन साधारण 38 तास चालायला हवं, रोलेक्सचं 3135 साधारण 48 तास. दहा-बारा तास कमी भरले तर कारागिराकडे न्या.

आकडे चांगले आले तर मात्र उघडू नका. खुशाल वापरा आणि वर्षानं पुन्हा टाइमग्राफरवर ठेवा. नवीन घेतलंय म्हणून लगेच सर्व्हिसिंग करून टाकू, असं म्हणणारेही भेटतात. मी त्यांना परत पाठवतो. दर उघडण्यात स्क्रूची खाच सरकण्याची, डायलला ओरखडा जाण्याची भीती असतेच. घड्याळ एकाएकी दिवसाला मिनिट-दोन मिनिटं पुढं पळायला लागलं तर बहुधा त्यात चुंबकत्व शिरलेलं असतं. मोबाइलच्या कव्हरमधलं, स्पीकरमधलं चुंबक त्याला पुरतं. हेअरस्प्रिंगचे, म्हणजे बॅलन्सच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात, बाकी काही बिघडत नाही. डिमॅग्नेटायझरवर ते मिनिटाभरात निघतं. त्यासाठी पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

काचेखाली वाफ दिसली तर मात्र तारीख, कागद, आकडे काहीही बघत बसू नका. त्याच दिवशी न्या. पाणी आत राहिलं की काटे, स्क्रू, डायल काहीच वाचत नाही. मशीनची सर्व्हिसिंग लांब असली तरी रबरं आणि पाण्याची चाचणी दरवर्षी मृगाच्या आधी करून घ्यावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घाम रबराला खातो आणि मग पहिल्याच पावसात पाणी आत जातं.

देताना पावतीवर लिहून घ्या: केसला पॉलिश करायचं नाही, डायल आणि काटे बदलायचे नाहीत, काढलेले जुने पार्ट परत द्यायचे. पॉलिशनं केसच्या धारा गोल होतात त्या पुन्हा येत नाहीत आणि जुन्या घड्याळाची निम्मी किंमत मूळ डायलमध्ये असते.

द्यायचं कुठं, हेही स्पष्ट सांगतो. ज्या दुकानात टाइमग्राफर, धुण्याचं मशीन आणि पाण्याची चाचणी करायचं यंत्र नाही, तिथं हे घड्याळ देऊ नका, मग ते दुकान ओळखीचं का असेना. मोठ्या कंपन्या सुटे भाग बाहेरच्या कारागिरांना सहसा देत नाहीत. त्यामुळं भाग बदलावा लागणारं घड्याळ मी स्वतः गिऱ्हाइकाला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे पाठवायला सांगतो. धुणं, तेल, रबरं आणि चाचणी एवढंच असेल तर ते आपल्या जिल्ह्यातही नीट होतं.

आपला,
एक घड्याळजी, लातूर