मिसळीला वेळ, मतदानाला नाही

महोदय,

20 मे 2024 रोजी नाशिकला लोकसभेचे मतदान होते. वार नेमका सोमवार. आमच्या सोसायटीचे पार्किंग शनिवारीच रिकामे झाले. सोमवारी रात्री लिफ्टसमोर बॅगा घेऊन उभ्या असलेल्यांत शाई लागलेले बोट एकच दिसले, ते माझे. खाली वॉचमनकाकांचे दुसरे.

परवा मिसळ खाताना युद्धाचा विषय निघाला. ‘ते तिकडचं आहे हो, आपल्याला काय त्याचं? पाव सांगा अजून.’ हे म्हणणाऱ्या गृहस्थांच्या मेव्हण्याची निफाडला द्राक्षबाग आहे. 2024 च्या सुरुवातीला तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हुथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू होते. युरोपला जाणारी द्राक्षे आफ्रिकेला वळसा घालून न्यावी लागली. भाडे वाढले, माल उशिरा पोचला. तेव्हा हेच गृहस्थ कंटेनर कुठे अडकला म्हणून रोज फोन करत होते! देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र, ओझरला लढाऊ विमानांचा कारखाना, आणि युद्ध म्हणे तिकडचे.

महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, मग वर्षानुवर्षे प्रशासकाचा कारभार. नगरसेवक नाहीत याची कुणाला फारशी चुटपुट नव्हती. खड्ड्यांवरचे विनोद मात्र रोज फिरत. (चांगले असत, मीही पुढे पाठवले.)

पुढच्या मतदानाला सकाळी सातला सोसायटीच्या गेटवर माझ्याकडून चहा. आतापर्यंत दोघे येतो म्हणालेत, वॉचमनकाका धरून.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक