आधी वायसर बघा, मग बॅग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला हायड्रेशन बॅगांवरचा, म्हणजे आत पाण्याची पिशवी आणि चालता चालता प्यायची नळी असलेल्या पाठपिशव्यांवरचा लेख वाचला. फोटो झकास होते. पण यादीतली सगळ्यात स्वस्त बॅग साडेचार हजारांची! आमच्या रविवारी डोंगर चढणाऱ्या ग्रुपात दोन रिक्षावाले आहेत, एक नर्सबाई आहेत, बाकी कॉलेजची पोरं. ही मंडळी एवढे पैसे घालणार नाहीत, आणि घालायची गरजही नाही. मी सातपूरच्या कारखान्यात ३१ वर्षं फिटर होतो. व्हॉल्व्ह आणि नळ्या यांच्यातच आयुष्य गेलं. तरी या बाबतीतली अक्कल ठेच लागल्यावरच आली.

मागच्या मार्चमध्ये नातवाला घेऊन कळसूबाईला गेलो होतो. घोटीवरून बारी गावात पोचेपर्यंत नऊ वाजून गेले, म्हणजे उन्हाच्या हिशेबानं उशीरच. पाठीला ६५० रुपयांची नवी कोरी बॅग, आत दोन लिटरची पिशवी फुकट. पहिल्या शिडीपर्यंत पाठ भिजली. म्हटलं, घाम. पुढच्या शिडीवर पँटही भिजली तेव्हा नातू म्हणाला, "आजोबा, घाम एवढा गार नसतो." बॅग उघडली तर भाकरीचा काला झालेला आणि पिशवीत जेमतेम भांडंभर पाणी. नळी जिथे पिशवीला बसते तिथली ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, कापली गेली होती, केसाएवढी. चार आण्याचं वायसर! १६४६ मीटरचं शिखर, राज्यातलं सगळ्यात उंच, आणि आम्ही अर्ध्या वाटेत कोरडे. टपऱ्यांवरचं लिंबूसरबत पीत कसेबसे वर गेलो. दुकानदाराचं म्हणणं पडलं की हमी बॅगेच्या शिलाईची असते, पिशवीची नाही.

खरं तर उलटं असायला हवं. १९८८ साली टेक्सासात भर उन्हाळ्यातल्या शंभर मैलांच्या सायकल शर्यतीत मायकेल आयडसन नावाच्या रुग्णवाहिकेवरच्या कर्मचाऱ्यानं सलाइनची पिशवी पायमोज्यात घालून पाठीला अडकवली, नळी खांद्यावरून पुढे घेतली आणि तिचं तोंड कपड्याच्या चिमट्यानं बंद केलं. अशा बॅगा बनवणारी कॅमलबॅक कंपनी त्यातून उभी राहिली. म्हणजे मुळात पिशवी, नळी आणि चिमटा. बॅगेच्या जागी पायमोजा होता!

म्हणून माझं म्हणणं, पैसे पिशवीत घाला. सुटी पिशवी मिळते, मला चांगली दोन लिटरची ७८० ला मिळाली. घेताना तोंड एवढं रुंद हवं की हात आत जाऊन बोटांनी कोपरे घासता आले पाहिजेत. आटे पाडलेलं, फिरवून लावायचं झाकण असेल तर दुकानातच चार वेळा उघडून लावून बघा. ते आडवं चढत असेल तर ती पिशवी तिथेच ठेवून या. नळी पिशवीपासून सुटी होणारी हवी, आणि तोंडात धरायच्या तोटीला बंद करायची खिट्टी हवी, नाहीतर बॅग खाली ठेवली की तोटी दबून पाणी जातं. घरी आणल्यावर काठोकाठ भरा, खिट्टी लावा, वर्तमानपत्रावर आडवी ठेवा, वर पाच किलो पिठाचा डबा. सकाळी कागद फुगलेला दिसला तर बिल शोधा. मी यासाठी तुमचाच अंक वापरतो, रागावू नये.

बॅग म्हणाल तर नातवाची जुनी शाळेची. पाठीकडच्या कप्प्यात वरच्या बाजूला चपलांच्या मोच्याकडून नाड्याचा एक फास शिवून घेतला, पिशवी त्याला टांगते. नळी चेनच्या कोपऱ्यातून बाहेर. छातीवरचा पट्टाही त्यानंच लावला, सगळे मिळून ९० रुपये. हा पट्टा मात्र चुकवू नका. शिडीवर दोन किलो पाणी डावीकडून उजवीकडे हिंदकळलं की माणूसही हिंदकळतो. नळी पट्ट्याला चिमट्यानं धरून ठेवा, लोंबती राहिली तर कारवीच्या झुडपांत अडकते.

या पिशवीचा एक दोष लेखात नव्हता. पाणी किती उरलंय ते दिसत नाही. घोट घोट पीत जातो आणि अचानक नळीत नुसती हवा येते. म्हणून अर्ध्या लिटरची साधी बाटली वेगळी ठेवायची, ती पिशवी संपल्याशिवाय उघडायची नाही. दुसरं, उन्हात नळीतलं पाणी चहासारखं तापतं. पिऊन झाल्यावर नळीत हलकी फुंकर मारा, पाणी मागे पिशवीत जातं आणि पुढचा घोट गार मिळतो.

आणि पिशवीत फक्त पाणी. मी एकदा कोकम सरबत भरलं होतं. आठवड्यानं नळीत काळी बुरशी. सुतळीला फडक्याची गाठ बांधून ती नळीतून तीनदा ओढली, खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवली, तेव्हा कुठे वास गेला. आता घरी आल्यावर लगेच धुतो आणि दोरीवर उलटी टांगतो. आतल्या भिंती एकमेकींना चिकटू नयेत म्हणून ताकाची लाकडी रवी आत घालतो. यावरून घरात बोलणी खाल्ली, मग माझ्यासाठी वेगळी रवी आली.

पुढच्या वेळी अशी यादी छापाल तेव्हा बॅगेची आणि पिशवीची किंमत वेगवेगळी द्या, आणि सुटे भाग मिळतात का तेही लिहा. माझ्या पिशवीची तोटी दातांनी चिरली आहे. तीन दुकानं फिरलो, तिन्हीकडे एकच उत्तर, "काका, नवीनच घ्या." सायकलच्या दुकानात पैशाला पासरी व्हॉल्व्हट्यूब मिळते, तशी ही तोटी नाशकात सुटी कुठे मिळते, हे कुणा वाचकाला ठाऊक असेल तर याच सदरात कळवावं.

आपला,
एक निवृत्त फिटर, सिडको, नाशिक