सापसुरळीची जाती आणि प्रजाती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या अंकात डोंगरी सापसुरळीवर बातमी आली, याचा आनंद झाला. वाघ-बिबट्यांच्या गर्दीत तिला जागा मिळते कधी? पण मथळ्यात 'दुर्मीळ पाल', मजकुरात 'नवी प्रजाती' आणि शेवटी 'विषारी नसल्याचे तज्ज्ञांचे मत'! सापसुरळी पाल नव्हे, तिचे कुळच वेगळे. आणि ती विषारी नाही हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवेत?

माझी खरी तक्रार 'प्रजाती'बद्दल आहे. मराठी विश्वकोशात आणि जुन्या जीवशास्त्राच्या पुस्तकांत स्पीशीज म्हणजे जाती, तर जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, ती प्रजाती. हिंदीत 'प्रजाति' म्हणजे स्पीशीज. तो अर्थ आपल्या बातम्यांत शिरला आणि जीनससाठी शब्दच उरला नाही.

त्याने काय बिघडते? अरुणाचलातल्या टाले खोऱ्यातली सापसुरळी पाहा. सरीसृपांचे अभ्यासक झीशान मिर्झा आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये तिला 'प्रोटोब्लेफॅरस अपातानी' हे नाव दिले. त्यातले 'अपातानी' तिथल्या अपातानी लोकांवरून. जाती नवी होतीच, पण मोठी गोष्ट पुढे आहे. आधीच्या कोणत्याच प्रजातीत ती बसेना, म्हणून प्रोटोब्लेफॅरस ही प्रजातीच नव्याने मांडावी लागली. शिवाय तिबेटमधल्या मेडोगची सापसुरळी २०२० मध्ये असिंब्लेफॅरस या दुसऱ्या प्रजातीत नोंदवली होती, तीही उचलून प्रोटोब्लेफॅरसमध्ये आणली. स्पीशीज आणि जीनस दोन्हींना 'प्रजाती'च म्हटले, तर हे वाचकाला सांगायचे कसे?

या नावांतले 'ब्लेफॅरॉन' म्हणजे ग्रीकमध्ये पापणी. अब्लेफॅरस या आणखी एका प्रजातीचे नाव म्हणजे बिनपापणीची: तिची खालची पापणी वर जुळून डोळ्यावर पारदर्शक काच झालेली असते, सापासारखी. असिंब्लेफॅरसची पापणी जुळलेली नसते. पूर्वी अशा पापण्या नि खवले पाहून प्रजाती ठरत, आता डीएनएही तपासतात, आणि मग दिसायला सख्ख्या वाटणाऱ्या दोघी दूरच्या निघतात.

नाव बदलले की 'शास्त्रज्ञांचा घोळ' असे लिहायचीही पद्धत पडली आहे. नीलगिरीतल्या एका सापसुरळीला ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ग्रे यांनी १८४६ मध्ये 'बायलिनिएटा' म्हटले. २००४ मध्ये एरेम्चेन्को आणि दास यांनी काएस्टलिया ही प्रजाती मांडून तिला तिथे नेले. शास्त्रीय नावात पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा, आणि पुढे नाव देणाऱ्याचे नाव. इथे पहिला शब्द बदलला, 'बायलिनिएटा' तसेच राहिले आणि ग्रे यांचे नाव कंसात गेले. जाती मूळ प्रजातीतून हलली, एवढेच तो कंस सांगतो. आपल्या बातमीत असे एक नाव कंसासकट आले होते. फक्त कंसातले नाव 'शोध लावणाऱ्या पथकाचे प्रमुख' म्हणून छापले गेले. ते गृहस्थ एकोणिसाव्या शतकातले आहेत.

— एक वाचक