कागदवाल्या काकांना, पेन्सिलीच्या बाणांबद्दल

रविवार पेठेतल्या कागदवाल्या काकांस,

सप्रेम नमस्कार.

काका, तुमच्याकडून नेलेल्या आयव्हरी शीटची शुभेच्छापत्रं मैत्रिणींच्या हातात पोचली. एकाही घडीला तडा नाही, एकही कार्ड तोंड वासून बसलेलं नाही. दुकानात गर्दी असते, तुम्ही तोंडावर केलेली स्तुती ऐकून घेणार नाही, म्हणून हे चार लोकांसमोर लिहितो आहोत.

घडी का तडकते, हे याआधी जिथे जिथे विचारलं तिथे एकच उत्तर मिळायचं: तुम्हाला घडी नीट घालता येत नाही. एका ठिकाणी जाड कागद घ्यायला सांगितलं, दुसऱ्या ठिकाणी पातळ. एका वर्गात भरपूर फी घेऊन चमकी आणि टिकल्या चिकटवायला शिकवलं, आणि तडकलेल्या घडीवर रिबीन लावून ती झाकायचा सल्ला दिला. कागदाला दिशा असते, हे यातल्या कोणीही सांगितलं नाही. ही माणसं रोज कागद कापतात. त्यांना हे ठाऊक नसेल असं वाटत नाही, सांगायची गरज वाटली नसेल, आणि याचाच जास्त राग येतो.

तुम्ही मात्र आधी एक चतकोर तुकडा घेऊन तो दोन्हीकडून फाडून दाखवलात. एका बाजूनं सरळ रेघेत फाटला, दुसऱ्या बाजूनं वेडावाकडा. सरळ फाटतो ती ग्रेन, म्हणजे कागदाची दिशा. यंत्रावर कागद होताना लगद्यातले बहुतेक तंतू जाळी धावते त्या दिशेला वळून बसतात. घडी त्यांना समांतर आली की ती तंतूंच्या मधून निघते, आडवी आली की प्रत्येक तंतू मोडावा लागतो. ८० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) झेरॉक्सच्या कागदावर हे कळतही नाही. २५० ते ३०० जीएसएमच्या कार्डशीटवर घडीची कड खरवडल्यासारखी दिसते, आणि मेटॅलिक शीटसारखा रंग फक्त वरच्या थरात असेल तर आतला पांढरा भाग उघडा पडतो. शिवाय तंतू ओलाव्यानं लांबीला फारसे वाढत नाहीत, जाडीला फुगतात. त्यामुळे कागद पसरतो तो ग्रेनच्या आडव्या दिशेनं. पावसाळ्यात आडव्या ग्रेनच्या कार्डाची खालची कड वळते आणि ते टेबलावर नीट उभंच राहत नाही, ते यामुळे.

शीट फाडायची नसेल तर दुसरी परीक्षाही तुम्ही सांगितलीत: कडेचा दोन इंची चौकोन कापायचा, कापण्याआधी त्यावर शीटच्या लांब बाजूची खूण करायची, आणि एकच बाजू ओल्या बोटानं पुसायची. तुकडा नळीसारखा वळतो. नळी ज्या दिशेला लांब, ती ग्रेन. दहा सेकंदांचं काम आहे आणि यंत्रावर झालेल्या बहुतेक कागदांवर चालतं.

मग आला कटिंगचा हिशोब. २२ बाय २८ इंची शीटमधून सगळे उभे कापले तर ए४ चे चार तुकडे निघतात, आणि बहुतेक ठिकाणी गिऱ्हाइकाला खूश करायला चारच काढतात. पण शीटची ग्रेन २८ इंचाच्या बाजूनं असेल, तर या चारही तुकड्यांत ती लांबीला येते. ए४ मधोमध दुमडून ए५ कार्ड करायचं म्हणजे घडी रुंदीला पडणार, ग्रेनच्या बरोबर आडवी. तुम्ही म्हणालात, “ताई, चार निघतील, पण चारही तडकतील. तीन घ्या.” तीन तुकडे फिरवून काढलेत, आणि उरलेल्या सव्वादहा इंची पट्टीतून ए५ चे चार तुकडे तसेच ग्रेन सांभाळून काढलेत. त्यांची ए६ ची छोटी कार्डं होतात. म्हणजे एका शीटमधून तीन मोठी, चार लहान, वर नावाच्या चिठ्ठ्यांपुरत्या पट्ट्या. लिफाफेही जोडीनं सांगितलेत: ए५ ला सी५, म्हणजे १६२ बाय २२९ मिलिमीटर, आणि ए६ ला सी६, ११४ बाय १६२.

पण ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहावंसं वाटलं ती यापेक्षा लहान आहे. गठ्ठा बांधण्याआधी तुम्ही प्रत्येक तुकड्याच्या मागे पेन्सिलीनं एक बारीक बाण काढलात, ग्रेनच्या दिशेला. बोटाएवढा, फिकट, खोडरबरानं सहज जाईल असा. मोठ्या तुकड्यांवर काढलात, छोट्या तुकड्यांवर काढलात, आणि फुकट दिलेल्या पट्ट्यांवरही काढलात. मागे रीमवाले गिऱ्हाईक उभे होते, आमचं बिल त्यांच्यापुढे काहीच नव्हतं. तरी एक पट्टी उलटी ठेवली गेली होती ती तुम्ही पुन्हा काढलीत, उजेडाकडे धरून वाकवून बघितलीत आणि मग तिच्यावर बाण काढलात. कोणी सांगितलं नव्हतं, कोणाच्या लक्षातही आलं नसतं. घरी कापाकापी करताना तुकडे फिरतात, मिसळतात, आणि एकदा दिशा हरवली की प्रत्येक तुकडा पुन्हा तपासावा लागतो. त्या बाणामुळे हे सगळं टळलं. आता आम्हीही नवीन शीट आणली की आधी मागे बाण काढतो आणि मगच सुरी हातात घेतो.

घडीबद्दल तुम्ही सांगितलेलं इतरांच्याही उपयोगाचं आहे म्हणून इथे लिहून ठेवतो. जाड कागद थेट दुमडायचा नाही, आधी क्रीज, म्हणजे दाबाची रेघ, पाडायची. बाइंडरकडची हाडाची पट्टी नसली तर संपलेल्या बॉलपेनची रिफिल चालते. स्टीलच्या पट्टीला टेकवून, खाली जाड वर्तमानपत्र घेऊन, एकाच दाबानं दोनदा ओढायची. सुरीच्या पात्यानं क्रीज पाडू नये, वरचा थर कापला जातो. आणि दुमडताना रेघेचा खड्डा बाहेर, उठलेला फुगवटा आत. बहुतेक जण नेमकं उलट करतात, कारण खड्ड्याकडे कागद आपसूक वळतो असं वाटतं. फुगवटा आत राहिला की बाहेरच्या थरावर ताण कमी येतो. आतलं लिहायचं पान १०० जीएसएमचं, चारही बाजूंनी ३ मिलिमीटर लहान, आणि डिंक फक्त घडीजवळ एका बाजूला ५ मिलिमीटरच्या पट्टीत. पूर्ण पान चिकटवलं की सुरकुत्या ठरलेल्याच.

कार्ड उघडल्यावर उभी राहणारी पट्टी असेल तर तिचीही ग्रेन घडीला समांतर हवी. मापाचा नियम सोपा आहे: पट्टी घडीपासून खालच्या पानावर जेवढी पुढे चिकटते आणि मागच्या पानावर जेवढी वर चिकटते, त्या दोन्हींची बेरीज पानाच्या रुंदीपेक्षा कमी असली पाहिजे. पान १०.५ सेंटिमीटर असेल तर ४ पुढे आणि ५ वर चालेल. ५ आणि ६ घेतलं तर मिटल्यावर टोक बाहेर डोकावतं.

चिकटवायला खळ घ्या म्हणालात तेव्हा आश्चर्य वाटलं, कारण तुमच्याच मागच्या फळीवर फेव्हिकॉलचे डबे होते. एक वाटी मैदा, सहा वाट्या पाणी. मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवायचा, नाहीतर गुठळ्या होतात. मग मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढरेपणा जाऊन अर्धपारदर्शक झाला की उतरवायचं. पातळ कागदाला खळ लावून मिनिटभर थांबायचं, म्हणजे त्याचं पसरणं आधीच होऊन जातं. लगेच चिकटवला तर तो कार्डावर पसरतो आणि फुगे येतात. वर कोरा कागद आणि वजन, रात्रभर. बाइंडर खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून, पण ते विष आहे, मुलांच्या हातात जाणाऱ्या कार्डांना नको, हेही तुम्ही न विसरता बजावलंत. मोरचूद नसलेली खळ दोन दिवसांत संपवायची.

हातकागदाचं तुम्ही थोडक्यात सांगितलंत आणि पुढचं तिथेच विचारा म्हणून शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेकडे पाठवलंत. ती १९४० पासूनची संस्था. साच्यानं एकेक उचललेल्या कागदात तंतू सगळ्या दिशांना विखुरलेले असतात, त्यामुळे ग्रेन जवळजवळ नसतेच आणि घडी कुठूनही घालता येते. शाई मात्र आधी कोपऱ्यात तपासावी, काही कागदांवर पेनची शाई फुटते. विक्री दुसऱ्याकडे जाणार हे माहीत असून गिऱ्हाइकाला पत्ता लिहून देणारा दुकानदार आम्ही प्रथमच पाहिला.

काका, चांगुलपणा म्हटलं की लोकांना मोठी देणगी, मोठा त्याग आठवतो. आम्हाला तुमच्यासारखी माणसं आठवतात: मापाला सुट्टं कापड देताना कड सरळ करून मगच कापणारा कापडवाला, किंवा रजिस्टर शिवताना न दिसणाऱ्या बाजूचाही दोरा घट्ट ओढणारा बाइंडर. यांना कोणी तपासत नाही. आपल्याला जे येतं ते समोरच्याला द्यावं, एवढाच त्यांचा स्वभाव. हातानं केलेलं कार्डसुद्धा शेवटी याच स्वभावातून होतं. विकत आणलेलं स्वस्त पडतं आणि वेळही वाचतो, तरी माणूस मैत्रिणीसाठी बसून घडी घालतो, कारण तिच्या हातात नीट गोष्ट जावी असं त्याला मनापासून वाटतं. कागद विकताना तुम्हाला तसंच वाटतं, हे आम्ही समोर उभं राहून पाहिलं आहे.

दिवाळीच्या कार्डांसाठी येऊच. २५० जीएसएमच्या आयव्हरीची दहा शीटं आणि आतल्या पानांसाठी १०० जीएसएमचा फिकट बदामी कागद बाजूला ठेवता आला तर ठेवा. कटिंग तीन मोठी, चार लहान, तसंच.

आपल्या ऋणी,
कार्डं करणाऱ्या मैत्रिणी