दहावी पास कामगारालाही संरक्षण हवे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

जानेवारी 2023 मध्ये प्रवासी भारतीय दिवसाचे संमेलन आपल्या इंदुरात भरले, तेव्हा ‘सुरक्षित जाएं, प्रशिक्षित जाएं’ असे टपाल तिकीट निघाले होते. परदेशी नोकरीला जाणाऱ्या कामगारांच्या संदर्भात त्या ‘सुरक्षित’बद्दल लिहायचे आहे.

आमच्या गल्लीतला एक वायरमन दोन वर्षांच्या करारावर आखातात गेला. एजंटाने सव्वा लाख घेतले आणि पावती दिली तीस हजारांची. नोंदणीकृत एजंटाला 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेता येतात, म्हणून कागदावर तेवढेच. बाकी सारे रोखीत. त्यासाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या. पहिल्या वर्षाचा पगार व्याज-मुद्दल फेडण्यातच गेला. परदेशस्थ भारतीयांनी 2022 मध्ये 100 अब्ज डॉलरहून अधिक पैसे मायदेशी पाठवले, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण जाण्यासाठी काढलेले कर्ज त्यातून कुणी वजा करत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. 18 देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते ती ईसीआर (म्हणजे ‘मंजुरी आवश्यक’ अशा) पासपोर्टवाल्यांना, म्हणजे मुख्यतः दहावी न झालेल्यांना. दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा सक्तीचा आहे तोही त्यांनाच. दोन वर्षांचा हप्ता अवघा 275 रुपये! आयटीआय केलेला आमचा हा वायरमन दहावी पास, म्हणून तो या दोन्हींतून सुटला. जून 2024 मध्ये कुवेतच्या मंगफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागून चाळीसहून अधिक भारतीय गेले. आग काय दहावीचे सर्टिफिकेट पाहून लागते?

केरळ सरकारची ओडेपेक ही संस्था 1977 पासून परदेशी नोकऱ्यांची भरती करते आहे. दक्षिण कोरिया 2004 पासून सरकारांमधल्या थेट करारांनी कामगार घेतो, खासगी एजंटांना त्यात जागाच नाही. आपल्याकडे निदान नंदानगरच्या शासकीय आयटीआयमध्ये एक खिडकी उघडावी. तिथे एजंटाची नोंदणी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासून मिळावी, करार हिंदीत समजावून सांगावा, आणि प्रवासखर्चासाठी सरकारी बँकेचे कमी व्याजाचे कर्ज मिळावे. विमा मात्र केंद्राने पासपोर्टचा प्रकार न पाहता प्रत्येक करारी कामगाराला सक्तीचा करावा.

आपला,
एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर