रिपोर्ट नॉर्मल आल्यावर

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं नव्या डॉक्टरांचं नाव आणि तपासण्यांची यादी मिळाली. फोनवर मी 'बघते' म्हणाले तेव्हा तू गप्प झालास. आईनं हाय खाल्ली, आता ती काही करणार नाही, असं तुला वाटलं असणार. तसं नाही. पण फोनवर हे धड सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी मला नेमकं काय होतं ते नीट वाच, कारण तू 'आज कसं आहे?' विचारतोस आणि मी 'ठीक' म्हणून मोकळी होते. तळपायांची आग रात्री वाढते. चादरीचा स्पर्शही सोसवत नाही, म्हणून मी घोट्यापर्यंतच पांघरते. सकाळी वेणी घालायला हात वर केले की अर्ध्यातच दंड भरून येतात. हात खाली घ्यावे लागतात, तोवर पेड सुटलेले असतात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि दमणूक त्याच दिवशी येत नाही, हे कुणाला पटवून देणं सगळ्यात कठीण. आज कपाट आवरलं तर आज मी हसतखेळत असते. उद्या दुपारनंतर अंगातलं त्राण जातं आणि मग दोन-तीन दिवस उठण्याबसण्यापुरतीच उरते. बघणाऱ्याला कपाट आवरतानाची मी दिसते, नंतरची दिसत नाही.

रिपोर्ट नॉर्मल आला की तुला हायसं वाटतं, मलाही वाटतं. कॅन्सर नाही, किडनी शाबूत आहे, एमआरआयमध्ये काही नाही, याचं मोल मला कळतं. पण तपासणी जे बघायला केलेली असते तेवढंच सांगते. नसांची जी विजेची तपासणी झाली ना, ती जाड नसांची असते. आग, चटका, टोचणी ज्या अगदी बारीक तंतूंमधून कळते ते तिच्यात दिसतच नाहीत. त्यासाठी कातडीचा कणभर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तंतू मोजतात. डॉक्टरांनी तेही केलं, आणि मोजणी ठीक आली. म्हणजे ती एक शक्यता मागे पडली. आग होतीच, आहेच.

तू अल्सरचं उदाहरण नेहमी देतोस. जठराचे अल्सर वर्षानुवर्षं काळजी आणि तणावाच्या माथी मारले जात. 1982 मध्ये ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागचा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. लोक मानेनात म्हणून मार्शल 1984 मध्ये तो स्वतःच प्यायले, आणि 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. तू म्हणतोस, 'बघ, शोधलं की सापडतं.' खरंय. पण ते सापडलं प्रयोगशाळेत, शास्त्रज्ञांना. त्या काळातल्या रुग्णांनी जन्मभर दवाखान्यांचे उंबरे झिजवले असते तरी त्यांच्या हाती ते लागलं नसतं. त्या गोष्टीतून मी एवढंच घेते की ज्यांना 'तुमचं मनाचं आहे' म्हणून परत पाठवलं, त्यांचं पोट खरंच दुखत होतं.

शिवाय जास्त तपासण्या म्हणजे जास्त उजेड, असं नसतं. रक्ताच्या रिपोर्टमध्ये शेजारी जी मर्यादा छापलेली असते, ती बहुतेक वेळा निरोगी माणसांपैकी मधल्या 95 टक्क्यांची असते. म्हणजे धडधाकट माणसाच्या एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 तपासण्या केल्या, तर एखादी तरी मर्यादेबाहेर निघण्याची शक्यता 64 टक्के. माझ्या थायरॉइडवरची ती बारीक गाठ आठवते? दुसरंच काही शोधताना दिसली. अशा गाठी कितीतरी जणांना असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. पण सुई घालून तपासून निकाल येईपर्यंत घरात कुणाला झोप नव्हती. आणि पायांच्या आगीशी तिचा काडीचा संबंध नव्हता.

आता गोळीबद्दल. ॲमिट्रिप्टिलिन डिप्रेशनचं औषध आहे असं वाचून तू चिडलास, 'त्यांनी तुला वेड्यात काढलं' म्हणालास. अरे, ते औषध त्यासाठी निघालं हे खरं, पण नसांच्या दुखण्यावर ते कमी मात्रेत फार वर्षांपासून देतात. मला रात्री 10 मिलिग्रॅम मिळतं. आग जात नाही, पण झोप लागते, आणि झोप झालेल्या दिवशी सगळंच जरा सोसवतं.

डॉक्टरांनी मला जे समजावलं ते मला पटलं. दाराची घंटा बिघडली की बाहेर कुणी नसतानाही वाजते. वाजणं खोटं नसतं, कानावर तर पडतंच. तशी मज्जासंस्था नको इतकी हळवी झाली, की कुठे जखम नसतानाही वेदना निर्माण होते. वेदनेचा असाही एक प्रकार असतो हे 2017 मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं मान्य केलं. 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारताना त्याच संघटनेनं लिहिलं, की माणूस दुखतंय म्हणून सांगतो त्याचा मान राखला पाहिजे. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. माझ्या बाबतीत हेच कारण आहे असं डॉक्टर छातीठोकपणे म्हणत नाहीत. 'मला नक्की माहीत नाही, पण मी तुम्हाला सोडणार नाही,' म्हणाले. म्हणून मी त्यांना सोडत नाही. दर वेळी नव्या माणसापुढे पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि सांगताना त्याच्या चेहऱ्यावर विश्वास उमटतो का ते बघत बसायचं, यात माझी फार शक्ती जाते.

हातपाय गळून बसले आहे असं समजू नकोस. ठरलेल्या तारखांना दाखवायला जाते. वजन उतरलं, ताप राहिला, हातापायांत नवी कमजोरी आली, लघवीवरचा ताबा सुटला, तर तारखेची वाट न बघता जायचं, हे ठरलेलं आहे. वहीत रोज एकच ओळ लिहिते: झोप, काम, दुखणं. त्याहून जास्त लिहायला लागले की दिवसभर अंगच चाचपत बसते. त्या वहीमुळेच कळलं की दमायच्या आधीच थांबायला हवं. आता कपाटाचा एक कप्पा आवरते आणि उरलेले तसेच ठेवते, अजून दोन जमतील असं वाटत असलं तरी. हे साधायला मला फार जड गेलं. तू मला अर्धं काम टाकून उठताना कधी पाहिलं नाहीस.

दुखण्याला नाव मिळालं तर मला हवंच आहे. नाव असलं की लोक पुढचे प्रश्न विचारत नाहीत, सुट्टी मागायला लाज वाटत नाही. पण ते मिळेपर्यंत सगळं अडवून ठेवायचं नाही, हे मी ठरवलंय. बागकामाचा वर्ग मी पुन्हा धरलाय, आठवड्यातून एकदाच, तोही बसून.

तुझ्याकडून मला दोन गोष्टी हव्यात. नातेवाइकांत कुणी 'रिपोर्ट तर सगळे चांगले आहेत' असं म्हणालं, तर तिथेच 'पण तिला त्रास होतो' एवढं म्हण. माझ्या तोंडून ते तक्रारीसारखं वाटतं, तुझ्या तोंडून नाही वाटणार. आणि फोन केलास की आधी तुझं सांग. नोकरीतलं ते भांडण मिटलं का? घर बदलणार होतास त्याचं काय झालं? तब्येतीचं मी शेवटी सांगेन, आणि वाईट असेल तर 'ठीक' म्हणणार नाही. यादी मी फाइलमध्ये लावली आहे. पुढच्या तारखेला डॉक्टरांना दाखवीन. त्यातलं काही करण्याजोगं आहे असं ते म्हणाले, तर करू.

तुझी,
आई